खांद्यावरचा हात

मागून आलेला हात डोळ्यांना दिसत नाही, तो खांद्याला कळतो. खांद्याला कळल्यापासून मनाला कळेपर्यंत एक क्षण जातो. त्या क्षणात बाई थिजते, दचकते, पदर सावरते, नाहीतर काही झालंच नाही असं दाखवत पुढं सरकते. नेमक्या याच क्षणावर १८८७ च्या सुमाराला जपानमध्ये एका माणसानं एक रचना बांधली. जू-नो-काता तिचं नाव. शब्द नाहीत, सूर नाहीत, हातात शस्त्र नाही. दोन माणसं आणि त्यांच्या अंगांची हालचाल, एवढंच. तरी मी तिला कविता समजूनच वाचत आले आहे आणि कवितेचं करतात तसं तिचं रसग्रहण करावं हे मनात कित्येक वर्षं होतं. माझ्या गावी, सोनाळ्याला परत आल्यावर ते जमेलसं वाटलं, कारण ही रचना मला तिच्या खऱ्या जागी पहिल्यांदा इथंच दिसली.

ती जागा म्हणजे आमच्या घरामागचं सारवलेलं अंगण. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या कुशीत अंबाबरव्याचं जंगल. ऊन उतरलं की डोंगर निळा पडत जातो आणि तिकडून गार वारं सुटतं. त्या वेळी माझी भाची आणि तिची मैत्रीण अंगणात येतात. दोघी अकरावीला आहेत, रोज बसनं शिकायला जातात. अंगात कॉलेजातले तेच सलवार-कमीज असतात, आणि कापूस वेचायला जाताना बाया कमरेला कापड बांधतात तशी ओढणी कमरेला गुंडाळलेली असते. सहा फुटांवर समोरासमोर उभ्या राहून दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करतात, आणि माझी भाची उजवा हात हळूहळू उचलायला लागते.

जू-नो-काता ही जुदोतली रचना. जुदो शिकायचं तर आधी पडायला शिकावं लागतं, आणि पडायचं तर गादी लागते. मी अमरावतीला शिकायला होते तेव्हा जिथं जुदो शिकले तिथं गाद्या होत्या, पण त्या आधी मुलांच्या. मुलांचा सराव संपायचा, दिवे मालवायची वेळ जवळ यायची, तेव्हा आम्हा चार-पाच जणींना त्यांच्या घामानं ओलावलेल्या गाद्यांवर अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात मी पडायला शिकले, पण जू-नो-काता शिकले ते बाहेरच्या ओट्यावर, वाट बघता बघता. तिला गादी लागतच नाही. पंधरा प्रसंगांत कुणी कुणाला पाडत नाही. पकड येते, तोल जातो, पाय जमिनीवरून सुटतात, आणि जिला उचललं तिला जशीच्या तशी परत जमिनीवर ठेवतात. साध्या कपड्यांत, साध्या जमिनीवर करता येईल अशीच ती आहे. खेड्यातल्या मुलीला याहून सोयीचं काय मिळणार?

थोडं व्याकरण सांगते. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची बांधीव रचना. ती दोघींनी करायची. हल्ला करते ती उके, उत्तर देते ती तोरी. जू म्हणजे मऊपण, लवणं, आलेल्या जोराला वाट देणं. एकूण पंधरा प्रसंग, पाच-पाचांची तीन कडवी. रचनाकार जिगोरो कानो. हा अंगानं लहानखुरा, शिक्षक माणूस. तेन्जिन शिन्यो-र्यू आणि कितो-र्यू या जुजुत्सूच्या दोन जुन्या परंपरा तो शिकला आणि १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या जागेत त्यानं कोदोकान सुरू केलं. एक तातामी म्हणजे एक माणूस निजेल एवढी गवताची जाड चटई. त्यावरून जागेचा अंदाज यावा. आज जगभर जुदो म्हणून जे खेळतात ते तिथून निघालं.

कानोचा एक हिशेब मला फार आवडतो. समोरच्याचं बळ दहा, माझं सात. मी त्याच्याशी भिडले तर हरणार, त्यात शंका नाही. पण त्यानं ढकललं तेव्हा तेवढीच मागं सरले, तर ज्याच्यावर रेलायचं ते समोर उरत नाही आणि त्याचा तोल जातो. तोल गेलेल्या माणसाचं बळ त्या घडीला दहाचं तीनवर येतं. माझं मात्र सातच्या सात शिल्लक असतं. जू-नो-काताच्या पंधरा प्रसंगांत हाच हिशेब पंधरा तऱ्हांनी मांडलेला आहे, आणि एकदाही तो आकड्यासारखा कोरडा वाटत नाही.

आता मूळ रचनेकडे येते. कविता वाचताना आधी शब्दकळा बघतात, तशी इथली हल्ल्यांची यादी बघावी. मागून खांदा ढकलणं. दोन्ही मनगटं धरणं. मागून खांद्यांना धरून गर्रकन फिरवणं. बाजूनं हनुवटी रेटणं. मागून दोन्ही खांदे खाली दाबणं. शेजारी उभं राहून एक मनगट पकडणं. कमरेच्या पट्ट्याला हात घालणं. छातीवर हात ठेवून ढकलणं. पंधरापैकी हे आठ. बाकीच्या सातांत डोक्यावर मारणं आहे, डोळ्यांवर बोटं रोखणं आहे, हनुवटीखाली ठोसा आहे. पण हे आठ वाचताना वाचणारी बाई असेल तर तिला यादीत काही नवं सापडणार नाही. भरलेल्या बसमध्ये, जत्रेच्या गर्दीत, पाणंदीच्या वळणावर, ओळखीच्या घरात हे हात तिला भेटलेले असतात. कानोनं हे बायकांसाठी रचलं असं नाही. लवण्याचं तत्त्व शिकवायला त्यानं ते रचलं, आणि त्याचे पहिले विद्यार्थी पुरुषच होते. तरी त्यानं निवडलेले हल्ले रणांगणावरचे नाहीत, रोजच्या अंगलटीचे आहेत, आणि माझ्या मते रचनेची सगळी थोरवी या निवडीत आहे. संरक्षणाच्या नावाखाली मुलींना पुष्कळदा जे दाखवतात त्यात समोरून सुरा घेऊन येणारा अनोळखी माणूस असतो. खांद्यावर हात ठेवणारा ओळखीचा माणूस त्यात क्वचितच असतो.

दुसरा प्रसंग घेते, काता-ओशी. याच्यावर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे.

उके तोरीच्या मागं, जराशी उजवीकडे उभी असते. ती उजवा हात उचलते आणि तोरीच्या उजव्या खांद्याला मागून पुढं ढकलते. हिसका नाही, दाब हळूहळू वाढत जातो. तोरी काय करते? दाब जेवढा येतो तेवढीच ती कमरेतून पुढं लवते. त्याहून कमी नाही, जास्तही नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही वाकली, संपलं. पण लवत असताना तिचे पाय जागेवर पक्के असतात आणि मान सैल पडत नाही. ढकलणारा हात खांद्यावरून पुढं जात राहतो, कारण त्याला अडवणारं काही सापडत नाही. एका जागी त्याचा जोर संपतो. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, तोरीला ती खांद्यातून कळते. तिथं ती मागं सरकते आणि तो रिकामा झालेला हात बोटांपाशी धरते. उके वळून डाव्या हातानं तिच्या डोळ्यांच्या मध्ये रोखते. तोही हात धरला जातो. शेवटी उकेचे दोन्ही हात मागं आणि वर ताणलेले, पाठ कमानीसारखी वाकलेली, आणि तोरी तिच्यामागं सरळ उभी. मागं कोण होतं आणि पुढं कोण, हेच उलटून गेलेलं असतं. उके पायानं हळूच थापटते: हरले. आणि तोरी लगेच सोडते.

या प्रसंगाचा ध्वनी त्या लवण्यात आहे. आपल्याकडे मुलीला लवायला जन्मापासून शिकवतात. पड खा, नमतं घे, विषय वाढवू नकोस. मग मी अंगणात पुन्हा लवणंच शिकवायचं का, असा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं छळत होता. पुरात झाड जातं आणि लव्हाळं वाचतं हा दृष्टांत सगळ्यांना पाठ आहे, पण तो मला इथं पुरेसा वाटत नाही. लव्हाळं नुसतं वाचतं. पूर ओसरेपर्यंत ते आडवंच असतं. तोरी आडवी होत नाही. ती जोराला वाट देते, स्वतःची जागा देत नाही. पड खाताना नजर खाली जाते आणि अंग सुटतं. तोरी लवते तेव्हा तिचं सगळं अंग त्या हाताकडे कान लावून बसलेलं असतं. पड खाणारीला पुढचं काही ठाऊक नसतं; लवणारीला पुढची चाल ठाऊक असते. खांदा तोच आणि वाकणंही तेच, पण आतला अर्थ उलटा. अंगानं केलेली वक्रोक्ती म्हणते मी याला.

हे भाचीला शब्दांत सांगून उपयोग झाला नाही. उपयोग झाला माझ्या आईचा. आई दारात बसून बघत होती. तिच्या तरुणपणी घरात जातं होतं. ती म्हणाली, "अवं, जात्यावर दोघी बसल्या का एकीनं ढकललं त दुसरीनं वढा लागते. दोघींनी ढकललं त खुंटा अडते." दोघी समोरासमोर, एकच खुंटा, एकीचा जोर संपतो तिथं दुसरीचा सुरू होतो, मध्ये कुठं धक्का बसत नाही म्हणून दळण सरसर पडतं. माझ्या भाचीनं जातं फिरवलेलं नाही, पण फुगडी तर घातली आहे. फुगडीत दोघी मागं रेलतात आणि दोघींचा तोल एकमेकींच्या हातांत असतो. एकीनं हात सैल सोडला की दुसरी भुईवर. तोल म्हणजे काय आणि तो दुसऱ्याकडून कसा काढून घ्यायचा, हे आपल्या मुलींना जपानी शब्द कानावर पडण्याआधी ठाऊक असतं. ठाऊक आहे हे तेवढं त्यांना सांगावं लागतं.

आखाड्याकडे बघितलं तर पुरुषांनाही यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. चौथा प्रसंग काता-मावाशी. मागून खांदे धरून उके तोरीला फिरवते. तोरी त्याच दिशेनं, तिच्याहून थोडी जास्त फिरते आणि समोर येऊन तिला पाठीवर घेते. हा जुदोतला सेओइ-नागे, आपल्या धोबीपछाडीचा सख्खा भाऊ. फरक शेवटात आहे. धोबी कपडा आपटतो. इथं तोरी उकेला पाठीवर तोलून धरते, उके पाय जुळवून हवेत सरळ ताणून राहते, आणि मग तिला अलगद खाली ठेवतात. पहिल्यांदा हे बघताना गावातल्या एका पोरानं विचारलं होतं, फेकतच नाही तर उपयोग काय? मला ती अधांतरीची घडी सगळ्या रचनेतली सगळ्यात धीट जागा वाटते. पाडता येत होतं आणि पाडलं नाही, हे तिथं उघड दिसतं. माझी पंचेचाळीस किलोची भाची तिच्याहून थोराड मैत्रिणीला पाठीवर तोलते आणि दोन श्वास तशीच उभी राहते, तेव्हा आपल्या अंगात काय आहे हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

लयीबद्दल सांगायला हवं, कारण नव्या माणसाला पहिली अडचण तिचीच येते. जू-नो-काता अतिशय संथ आहे. पहिल्याच प्रसंगात, त्सुकी-दाशीत, उके तीन पावलं टाकत येते आणि दर पावलाला तिचा हात वर वर चढतो. तिसऱ्या पावलाला बोटं तोरीच्या दोन डोळ्यांच्या मध्ये पोचतात. एवढा वेळ तोरी नुसती उभी. भाची पहिल्या आठवड्यात वैतागली. "आत्या, हे त लयच हळू हाय. असं कोनी हळूहळू येते का?"

मी तिला म्हटलं, "बसमध्ये मांगून येनारा हात कसा येते?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हळूहळूच येते."

त्यानंतर तिनं लयीची तक्रार केली नाही. तो हात आधी चुकून लागल्यासारखा लागतो, मग तिथंच राहतो, मग सरकतो. त्याचा सगळा डाव संथपणाचाच असतो. आपल्याला खात्री होईपर्यंत तो थांबत थांबत येतो आणि आपली खात्री होईपर्यंत उशीर झालेला असतो. संथ लयीत घोटलेलं अंग ही पहिली सूचना ओळखतं. विलंबित ख्यालात एकेका सुराची जागा दिसते, द्रुत लयीत ती आधीच गळ्यात बसलेली असावी लागते. जुदोतही कुस्तीसारखा खुला सराव असतो, रांदोरी, ती द्रुत. काता न घोटता रांदोरीला उतरलेली मुलगी जोरावर जाते. आणि जोराचा हिशेब तर दहा आणि सात असा आधीच मांडून ठेवलेला आहे.

उकेविषयी फार कमी बोललं जातं. हल्ला करणारीची भूमिका आम्ही आळीपाळीनं करतो आणि मुलींना ती जड जाते. मैत्रिणीच्या छातीकडे हात न्यायचा, तिचं मनगट खरंच आवळायचं, आणि तरी मनात दुष्टावा ठेवायचा नाही. उकेनं पोकळ हल्ला केला तर तोरीला काही शिकता येत नाही. लवायला दाबच मिळत नाही. म्हणजे शिकवण्याचं अर्धं काम हल्ला करणारीकडे आहे. मला यात मोठा विश्वास दिसतो. ज्या स्पर्शांची नावं घरात उच्चारत नाहीत ते स्पर्श दोन मैत्रिणी उजेडात, नमस्कार करून, ठरवून एकमेकींना करतात आणि त्यांची उत्तरं शोधतात. बाराव्या प्रसंगात, मुने-ओशीत, उकेचा हात छातीवर येतो, तोरी तो वर उडवून तसाच हात उकेच्या छातीवर नेते, मग दोघींचे हात एकमेकींच्या मनगटांत अडकतात आणि मोठं वर्तुळ काढत दोघी फिरतात. पहिल्या दिवशी दोघी इथं लाजून थांबल्या होत्या. मी काही बोलले नाही. आठवडाभर त्यांनी तो प्रसंग सोडून पुढचा केला. मग एका संध्याकाळी भाचीची मैत्रीणच म्हणाली, "थे छातीवालं करू आज." त्या संध्याकाळी तिनं आम्हाला एक गोष्ट सांगितली. ती इथं लिहायची नाही. एवढंच लिहिते की ती तिनं आधी कुणाला सांगितली नव्हती, आणि तिला ती सांगता आली ती त्या वर्तुळानंतर.

रचनेचं कौतुक करताना तिच्या भोवतालचा अन्याय झाकून चालणार नाही. १८९३ पासून कानो बायकांना शिकवू लागला, १९२६ मध्ये कोदोकानमध्ये स्त्रियांचा विभाग उघडला. पण त्यांना स्पर्धा नाहीत. त्यांनी काता करावा, मऊ करावा, सुंदर करावा. स्त्रियांच्या काळ्या पट्ट्यावर मधून एक पांढरी रेघ असे. जू-नो-काता 'बायकांचा' म्हणून ओळखला जाऊ लागला तो असा, आणि त्यामुळे पुरुषांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. सर्वांसाठी रचलेली गोष्ट एका दालनात नेऊन ठेवली की तिचंही नुकसान होतं आणि त्या दालनातल्या माणसांचंही. जपानमध्ये स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा व्हायला १९७८ उजाडलं, ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळायला १९९२.

त्या दालनात बसून एका बाईनं काय केलं ते बघावं. केइको फुकुदा, जन्म १९१३. तिचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा हे कानोचे जुजुत्सूचे गुरू. कानोनं गुरूच्या नातीला बोलावलं आणि १९३५ साली ती कोदोकानमध्ये आली. उंची पाच फुटांच्या आत. पुढं लग्न की जुदो असा प्रश्न आला तेव्हा तिनं जुदो निवडलं. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये तिनं जू-नो-काता करून दाखवला. बाईला पाचव्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पाचव्या पायरीच्या, पुढं जायची वाट कोदोकाननं १९७२ पर्यंत बंद ठेवली होती. पुढं अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला तिनं अखेरपर्यंत शिकवलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या जुदो संघटनेनं तिला दहावा दान दिला तेव्हा ती ९८ वर्षांची होती. उतारवयातल्या तिच्या चित्रफिती मी पुष्कळदा बघितल्या आहेत. खुर्चीत बसलेली म्हातारी नुसता एक हात उचलते, आणि उचललेल्या त्या हातात पंधराही प्रसंग आहेत असं वाटतं.

इंग्लंडात याच विद्येनं वेगळं रूप घेतलं. तिथं मताचा हक्क मागणाऱ्या बायकांना पोलीस फरफटत नेत. तेव्हा एडिथ गॅरड ही चार फूट अकरा इंचांची बाई त्यांना जुजुत्सू शिकवत होती, आणि १९१३ मध्ये नेत्यांभोवती कडं करणारी बायकांची तुकडी तयार झाली ती तिच्या हाताखाली. आणि आपल्या देशात? शिंझो ताकागाकी हे जुदोचे शिक्षक रवींद्रनाथांनी १९२९ साली शांतिनिकेतनात आणले. तिथं मुलीही शिकत होत्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच एक. मुलींनी मैदानात उतरून माणसाला उचलून आपटायचं, हे तेव्हाच्या बंगालात पुष्कळांना रुचलं नाही. रवींद्रनाथांनी प्रात्यक्षिकासाठी गाणं लिहून दिलं. कवीला या विद्येत कविता दिसली, याचा मला फार आधार वाटतो.

आमच्या वऱ्हाडात अंगमेहनतीच्या विद्येला काही तोटा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं देशी खेळ दाखवले होते. आणि जिजाऊंचं सिंदखेड राजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. भाषणांत जिजाऊंचं नाव घेऊन मुलींना वाघिणी व्हायला सांगतात. पण अंबाबरव्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला वाघ ठाऊक असतो. तो आधी कान देतो. पाऊल कुठं टाकायचं हे ठरवल्याशिवाय टाकत नाही. वाघीण व्हा म्हणजे डरकाळी फोडा एवढंच मुलींपर्यंत पोचतं, हे बरोबर नाही.

कान देण्यावरून आठवलं. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, दृष्टिहीन मुलींना स्वसंरक्षणासाठी जुदो शिकवण्याचं काम साइटसेव्हर्स या संस्थेनं केलं. जबलपूरकडची जानकी गौड त्यातूनच पुढं आली. गोवरानं लहानपणीच डोळे गेलेल्या या मुलीनं २०१७ साली ताश्कंदला आशिया-ओशनिया स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. दृष्टिहीनांच्या जुदोत दोघींनी एकमेकींचा पोशाख पकडल्यावरच लढत सुरू होते. तिथून पुढं डोळ्यांचं काम काहीच नाही. समोरचीचा श्वास, तिच्या कोपराचा ताण, वजन कुठल्या पायावर आहे, हे सगळं पकडीतून वाचायचं. हे कळल्यापासून मी आमच्या अंगणात काता-ओशी डोळे मिटून करून घेते. मुलींना तो डोळे मिटून अधिक चांगला येतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट स्पष्ट लिहिणं माझं कर्तव्य आहे. जू-नो-काता पाठ असलेल्या मुलीला कुणी हात लावू शकणार नाही, असं मी कुणाला सांगत नाही. चौघांनी घेरलं तर पळायचं, ओरडायचं, हातात येईल ते वापरायचं, आणि नंतर गप्प बसायचं नाही. थिजलेल्या मुलीचा त्यात काही दोष नाही, हेही दर वेळी सांगायचं. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेतून तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण असतं. ते मन लावून शिकवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आणि एका शाळेतलं तीन दिवसांचं शिबिरही पाहिलं आहे. तिथं पन्नास मुली रांगेत उभ्या राहून हवेत ठोसे मारत होत्या आणि मोठ्यानं ओरडत होत्या. तीन दिवसांत एकीनंही दुसरीला हात लावला नाही. हवेला मनगट नसतं, वजन नसतं, घाम नसतो. पहिल्यांदा खरा हात पडेल तेव्हा त्या मुलींच्या अंगाला त्याची ओळख कुठून असणार, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नव्हती.

अकरावा प्रसंग, ओबी-तोरी, आमच्याकडे ओढणीवर होतो. उके दोन्ही हात एकमेकांवर टाकून पट्ट्याकडे नेते. हात पोचायच्या आत तोरी कंबर मागं घेते आणि उकेच्या कोपराला रेटा देऊन तिलाच वळवून टाकते. उकेही फिरता फिरता तोच डाव उलटवते. दोघी एकमेकींना वळवत राहतात आणि शेवटी तोरी आत शिरून तिला कमरेवर उचलते. जपानी पट्ट्याच्या जागी ओढणी आली तेव्हा मला वाटलं होतं, रचनेचा बाज बिघडेल. तसं झालं नाही. जिच्याकडे पहिला हात जातो आणि जी सावरण्यात बाईचे दोन्ही हात गुंतून पडतात, तीच ओढणी इथं दोन फेरे घेऊन कमरेला घट्ट बसलेली असते आणि मुलींचे दोन्ही हात मोकळे असतात.

परवा सराव संपता संपता भाची म्हणाली, पहिल्यापासून परत करू. अंधारत आलं होतं. सोनाजी महाराजांच्या देवळाकडून माणसं घराकडे परतत होती, त्यांतले दोघं-तिघं कुंपणापाशी थांबले. मैत्रीण सहा फुटांवर गेली आणि हात उचलत निघाली. एक पाऊल. दुसरं. महिनाभर भाची याच ठिकाणी चुकत आली होती. दुसऱ्या पावलालाच ती वळून मोकळी व्हायची आणि मैत्रिणीची बोटं रिकाम्या हवेत थांबायची. लवकर वळलेल्या तोरीच्या हाती काहीच लागत नाही. परवा ती वळली नाही. तिसरं पाऊल पडलं, बोटं तिच्या कपाळापासून चार बोटांवर आली, तिची पापणीही हलली नाही, आणि मग उजवा पाय मागं घेऊन ती एवढीशी वळली. हात तिच्या गालाजवळून पुढं निघून गेला आणि त्याचं मनगट तिच्या मुठीत होतं.